दोन वाजून दहा मिनिटं

(दृश्य: राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षा केंद्राचं फाटक. डोक्यावर पदर घेतलेल्या आया, स्कूटरला टेकून उभे असलेले वडील, हातात पाण्याच्या बाटल्या.)

मार्चमधलं ऊन. अकराला सुरू झालेला तीन तासांचा पेपर, वर दिलेली दहा मिनिटं धरून, दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. घंटा होते, फाटक उघडतं आणि मूल रस्त्यावर पाऊल ठेवतं न ठेवतं तोच प्रश्न येतो, "कसा गेला पेपर?" पाठोपाठ, "सगळं लिहिलंस ना?" आणि मग हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेत, "याचं उत्तर काय लिहिलंस, सांग बघू."

लिहून झालेल्या पेपरात आता एक गुणही वाढणार नाही. पण फाटकाबाहेर उत्तरं जुळवताना चार गुणांची चूक सापडली, की ती मुलाबरोबर घरी येते. जेवताना ताटाशी बसते, रात्री अंथरुणात शिरते. परवाच्या विज्ञानाचं पुस्तक समोर उघडं असतं आणि डोक्यात गणिताचं ते उदाहरणच चालू असतं.

म्हणून फाटकात एवढंच म्हणा, "चल, भूक लागली असेल." मूल आपणहून बोलू लागलं तर पूर्ण ऐका. घरी गेल्यावर प्रश्नपत्रिका फाइलमध्ये ठेवून द्या, ती शेवटच्या पेपरनंतरच बाहेर काढायची. वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोवर बंद. मुलांचे तसेच पालकांचेही, कारण उत्तरांचे फोटो तिथेही फिरतात. आत्या-मामांचे फोन आई-बाबांनीच घ्यायचे आणि मुलाच्या समोर बसून बोलायचं नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. ताट वाढलेलं, मुलगी डोळे पुसते आहे.)

आणि पेपर खरोखरच वाईट गेला असेल तर? रडू द्या. "एवढं काय त्यात" म्हणू नका, त्याने मूल नुसतं गप्प बसतं. "इतकी मेहनत केलीस, वाईट वाटणारच," म्हणा आणि जवळ बसून राहा. हिशेब नंतर मांडा, पोटात अन्न गेल्यावर. गणिताचे दोन भाग 40-40 गुणांचे, वर अंतर्गत मूल्यमापनाचे 20. एका भागात गडबड झाली तरी विषय संपत नाही. टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढतात. एखाद-दोन विषय राहिलेच, तर ते विषय राखून अकरावीत जाऊ देणारी एटीकेटीची सवलत आहे आणि त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षाही असते. हे नियम पालकांना परीक्षेआधीच पाठ हवेत. घाबरलेल्या मुलाला "होईल रे काहीतरी" यापेक्षा आकडे जास्त धीर देतात.

जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं आडवं होऊ द्या. दोन तास झोपलं, तर रात्री झोप येणार नाही.

(दृश्य: टेबल. कोरा कागद, दोन रंगांची पेनं.)

संध्याकाळी बहुतेक मुलं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असंही वाटतं. पेपरात मात्र ओळखायचं नसतं, आठवून लिहायचं असतं. त्यासाठी पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर धड्याचं नाव टाकायचं आणि आठवेल ते दहा मिनिटं निळ्या पेनाने लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. वाचायचा तो फक्त लाल भाग. "माझं सगळंच राहिलंय" म्हणणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच दिसतं, की या धड्यातल्या पाचच ओळी राहिल्या आहेत. पालकांनी हा कागद तपासू नये. तो मुलीचा आहे.

झोपेवर आम्हाला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण पालकांकडून सर्वांत मोठी चूक इथेच होते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, हा आळस नाही. गरज मात्र किमान आठ तासांची असते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून वाचलेलं सकाळी अकराला सापडत नाही. पण "उद्या पेपर आहे, नऊला झोप," म्हटल्याने झोप येत नाही, उलट झोप येत नाही याचीच धास्ती बसते. तयारी तीन आठवडे आधी लागते. दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, सकाळी उठल्याबरोबर उजेडात न्या, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. याच आठवड्यांत दोन-तीनदा घरी बरोबर अकराला बसवून पूर्ण सराव पेपर लिहून घ्या. 80 गुणांच्या पेपरला 180 मिनिटं, म्हणजे गुणामागे दोन मिनिटं दिली तरी वीस हाताशी उरतात.

(दृश्य: रात्र. दाराखालून येणारा दिव्याचा उजेड.)

थोडी धडधड, पोटात गोळा, चिडचिड हे सगळ्याच मुलांना होतं. पण सलग काही रात्री झोप नाही, जेवणावरून मन उडालंय, मैत्रिणींशी बोलणं बंद आहे, किंवा "मी नसले तर बरं होईल" असं काही तोंडून निघालं, तर परीक्षा बाजूला ठेवा. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, असलेला बाहेर येतो. एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीच्या घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन पालकांनीही करायला हरकत नाही.

(दृश्य: सकाळ. डबा, हॉल तिकीट, पट्टी, सरावाची दोन पेनं.)

न्याहारी रोजचीच. पोहे खाणाऱ्या मुलाला आज बदाम-दूध नको. पोट दुखतंय म्हणालं तर ते नाटक नव्हे, ताणाने पोट खरंच दुखतं. थोडं का होईना, खाऊ द्या.

पेपर हातात आल्यावर डोकं कोरं पडतं, त्यावरचा उपाय घरीच शिकवून ठेवलेला असावा. भीतीने डोकं अडतं, केलेला अभ्यास पुसला जात नाही. पेन खाली ठेवायचं, पायांचे तळवे जमिनीला टेकवायचे, मनात चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. पाच वेळा, एक मिनिटही लागत नाही. श्वास सोडताना नाडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. मग सर्वांत सोपा प्रश्न शोधून त्याचा क्रमांक नीट घालून लिहायला घ्यायचं. तीन आठवडे रोज केलं असेल, तरच ते वर्गात आठवतं.

(दृश्य: साडेदहा. तेच फाटक.)

आत जाण्याच्या क्षणी आई-बाबांच्या तोंडी येतं, "नीट वाच हं, घाई करू नको, मागच्यासारखं करू नको." तीन सूचना, आणि शेवटच्या सूचनेत मागची चूकही पुन्हा आठवते. त्याऐवजी बाटली हातात द्या आणि सांगा, "दोन वाजून दहाला मी त्या कडुनिंबाखाली उभी आहे."