हवा जाईन कुठून?

श्रोतेहो, नमस्कार. मी नागपुरात आर्किटेक्चरच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला शिकते. तुझ्या डिझाइनमागचा विचार काय, असं कुणी विचारलं की मी कूलरची गोष्ट सांगते.

तिसऱ्या वर्षाला असताना मी एका घराचं मॉडेल केलं होतं. आठ रात्री जागून. दिवाणखान्याला पश्चिमेकडून अख्खी काचेची भिंत, मावळतीचं ऊन आत यावं म्हणून. एप्रिल लागला होता. कूलरचं गवत बदलायला नेहमीचे भाऊ आले. टाकी पुसता पुसता मॉडेलपाशी थांबले, वाकून आत बघितलं.

"ताई, घर तं साजरं केलं तुम्ही. पण कूलर कुठं लावाल?"

मी काचेशेजारची खिडकी दाखवली.

"मंग हवा जाईन कुठून?"

मी गप्प. समोरच्या भिंतीला एक फट नव्हती. ते म्हणाले, "बाहेर जायले वाट नसली तं घरात ओल भरते, अंग चिकचिक करते, अन् लोकं कूलरले नावं ठेवतेत."

त्या रात्री मी काचेची भिंत ब्लेडने कापून काढली. पश्चिमेला जाड भिंत घेतली, समोर छताखाली झरोके ठेवले. परीक्षणात गुण बेताचेच पडले, पण ते घर मला आजही आवडतं. पुन्हा सांगते: हवेला यायला वाट लागते, तशीच जायलाही लागते.

पंचेचाळीस अंशांच्या गावात काचेच्या इमारती का उभ्या राहतात, हे मला खरंच कळत नाही. आणि रस्त्यासाठी कडुनिंब तोडतात तेव्हा तर जीव तुटतो.

कौशल्यं म्हणाल, तर संगणकावरचे नकाशे सगळेच शिकतात. मला सूर्य वाचता येणं महत्त्वाचं वाटतं. मेअखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच पडते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवत. त्यात विटा वाचतात आणि ऊनही आत उशिरा पोचतं. तशी एक छोटी भिंत मी गवंडीकाकांजवळ बसून रचायला शिकले.

यंदाचा प्रकल्प मुलींच्या वसतिगृहाचा आहे, भिंती तशाच पोकळ. मॉडेलवर छत अजून चढवलेलं नाही. भाऊ गवत बदलायला येतील, त्यांना आधी आतून दाखवायचंय.