पहिला डाव लिंबूटिंबूचा

(पुण्यातील एका वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीआधी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. नवा बैठा खेळ घरात कुठे मरतो, ते आधी सांगतो. भाऊबीजेची दुपार. भाचीनं मोठ्या हौसेनं खोका आणलाय. आतून लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याचे तुकडे आणि इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक निघतं. भाची पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागते. तिसऱ्या पानावर काका उठतात आणि म्हणतात, "तुम्ही खेळा, मी बघतो." काकांच्या मागोमाग काकू चहा टाकायला जातात, आजोबांना एक फोन आठवतो, आणि खोका पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर जातो.

त्यात खेळाची चूक नसते आणि काकांची तर नसतेच. आज बोलायचंय ते त्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल. कुठला खेळ चांगला, हा प्रश्न मला त्या मानानं सोपा वाटतो.

"आमच्या घरच्यांना असले अवघड खेळ जमायचे नाहीत," असं तरुण मंडळी म्हणतात तेव्हा मला हसू येतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ते लक्षात ठेवून खेळणारी माणसं याच महाराष्ट्रात होती. ज्या आजीला मेंढीकोटात कुणाकडे कुठली हुकमाची पानं उरलीत हे तोंडपाठ असतं, तिला एका जर्मन खेळाचे चार नियम कळणार नाहीत? कळतात. तिला तासभर पुस्तक वाचून दाखवलेलं आवडत नाही, एवढंच.

आणि घरातल्या खेळात रुसवेफुगवे व्हायचेच. सोळा सोमवारच्या कहाणीत साक्षात शंकर-पार्वती सारीपाट खेळतात. डाव कुणी जिंकला म्हणून पार्वती देवळातल्या गुरवाला विचारते, तो शंकराचं नाव घेतो, आणि त्या बिचाऱ्याला शाप मिळतो. त्या कहाणीचं तात्पर्य वेगळं आहे, मला माहीत आहे. पण नवरा-बायकोच्या डावात तिऱ्हाइतानं पंच होऊ नये, हे मी तिथूनच उचललंय. (हशा)

मग नवा खेळ कशाला? झब्बू आहे, बदामसात आहे, कॅरम आहे. आहेत ना, आणि ते खेळावेतच. पण जुन्या खेळांत घरातली उतरंड ठरून गेलेली असते. कॅरमवर अमुक मामाच जिंकणार, रमीत तमुक आत्याच. नव्या खेळात सगळे एका रेषेवर येतात. बँकेतून निवृत्त झालेले आजोबा आणि पाचवीतली नात दोघंही सारखेच अडाणी. अपवाद एकच, खेळ आणणारा. त्यानं तो मित्रांबरोबर भरपूर खेळून घेतलेला असतो, आणि घरच्यांना शिकवता शिकवता त्यांना धुऊन काढतो. हे मला अजिबात पटत नाही. पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्या आधी आपलं ताट वाढून घेण्यासारखं आहे ते.

यावर आपल्याकडे तयार तोड आहे. गल्लीत लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला आपण लिंबूटिंबू करायचो. तो खेळायचा, पळायचा, ओरडायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. नव्या खेळाचा पहिला डाव घरातल्या सगळ्यांनी लिंबूटिंबू होऊन खेळावा. पत्ते उघडे ठेवायचे, गुण मांडायचे नाहीत, चाल परत घ्यायला मुभा. "मावशी, आता तुझ्याकडे विटा आहेत, लाकूड आहे, म्हणजे तुला रस्ता बांधता येईल," असं मोठ्यानं बोलत खेळायचं. अर्ध्या तासात मावशी म्हणते, "आता मांडा नव्यानं, आणि माझे पत्ते बघू नका." ती एवढं म्हणाली की खेळ घरात रुजला समजा.

नियम सांगायचाही एक क्रम असतो, आणि बहुतेक लोक तो उलटा धरतात. आधी सांगावं, जिंकायचं कसं. मग आपली पाळी आली की काय काय करता येतं. बस, सुरू करा. अपवाद, पोटनियम, शेवटची गुणमोजणी हे त्या त्या वेळी येऊ द्या. आणि सांगणाऱ्यानं आदल्या रात्री खोका उघडून एकट्यानं दोन्ही बाजूंनी एक डाव खेळून बघावा. सगळ्यांसमोर पुस्तकात बोट घालून "थांबा हं, इथे काहीतरी दिलंय" म्हणणारा माणूस काकांना उठवल्याशिवाय राहत नाही.

आता खेळांकडे येऊ. आपल्या पिढीच्या लेखी बोर्डगेम म्हणजे व्यापार. सुट्टीत सकाळी मांडायचा, आणि संध्याकाळपर्यंत दोघं श्रीमंत आणि बाकीचे रडकुंडीला. त्याचं मूळ गमतीचं आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी 1904 साली 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीचं भाडं खाऊन मालक कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दिसावं म्हणून तो खेळ. त्याच्यावरूनच पुढे मोनोपॉली आली, पार्कर ब्रदर्सनं ती 1935 साली बाजारात आणली, आणि आपला व्यापार त्याच घराण्यातला. तेव्हा व्यापार खेळताना तुमच्या घरात भांडणं झाली असतील तर खेळ अगदी बरोबर चाललाय, असं समजा. बाईंना तेच दाखवायचं होतं.

पण सुट्टीच्या दुपारी हे कुणाला हवंय? व्यापारात दिवाळं निघालेला माणूस दोन तास नुसता बसून राहतो. जर्मनीत खेळ रचणाऱ्यांनी नेमकं हेच बदललं. तिथे 1979 पासून दर वर्षी 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, असा पुरस्कार देतात. 1995 साली तो कटानला मिळाला. क्लाउस टॉयबर हे त्याचे रचनाकार, पेशानं दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ. कटानमध्ये कुणी बाद होत नाही. आणि दुसऱ्यानं फासे टाकले तरी त्या आकड्यापाशी तुमची वस्ती असेल तर माल तुम्हालाही मिळतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीला कुणी मोबाईल काढत नाही.

कटानमध्ये लाकूड, विटा, लोकर, गहू आणि खनिज यांची देवाणघेवाण असते, आणि इथे आपल्या बायकांना कुणी हरवू शकत नाही. मंडईत ज्यांनी वर्षानुवर्षं भाजीवर कोथिंबीर वसूल केली, त्या एका गव्हाला दोन विटा मागतात आणि मिळवतात. आमच्या घरी तर "मागच्या डावात मी तुला मेंढी दिली होती" हा हिशेबही निघतो. नियमात तो बसत नाही, पण चालतो. गणिताच्या शिक्षकांसाठी एक खाऊ: दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी सहा वेळा सात पडतो, आणि सहा किंवा आठ प्रत्येकी पाच वेळा. सात पडला की लुटारू हलतो, आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते त्याला निम्मे टाकावे लागतात. साठवून ठेवायची सवय असलेली माणसं इथे फार हळहळतात.

वाचण्याची अडचण असेल तर कार्कासोन घ्या. फ्रान्समधल्या तटबंदीच्या शहरावरून नाव पडलंय, 2001 चा पुरस्कार त्याला होता. 72 चौकोनी तुकडे. एक उचलायचा आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट जुळेल असा लावायचा. तुकड्यांवर एक अक्षर नाही, त्यामुळे चष्मा सापडत नसला तरी अडत नाही. त्यातल्या शेतकऱ्यांच्या गुणमोजणीचा नियम पहिल्या वेळी बिनदिक्कत वगळा, त्यावाचून खेळाचं काही अडत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र शब्दांचा. कोडनेम्स हा 2015 चा खेळ, व्लादा ख्वातिल या चेक रचनाकाराचा. टेबलावर पाच बाय पाच असे 25 शब्द. दोन गट. प्रत्येक गटाचा म्होरक्या गुपचूप तक्त्यावर बघतो की आपले शब्द कुठले, आणि एकच शब्द व एक आकडा बोलून सूचना देतो. त्या सूचनेत आपले किती शब्द बसतात, तो हा आकडा; ते शब्द गटानं ओळखून त्यांच्यावर बोट ठेवायचं. बाजारातला खेळ इंग्रजीत आहे, पण तो मराठीत करायला लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि कात्री पुरते. शंभरेक चिठ्ठ्या करा. तक्त्यासाठी 25 चौकोन आखा, नऊ एका रंगाचे, आठ दुसऱ्या, सात कोरे आणि एक काळा. काळ्यावर बोट ठेवलं की गट हरला.

आता बघा काय होतं. टेबलावर 'पायरी', 'टेकडी', 'तळं' असे शब्द आहेत. म्होरक्या म्हणतो, "पर्वती, दोन." नातू पायरी आणि टेकडीवर बोट ठेवायला जातो. आजोबा म्हणतात, थांब, तळं. कारण सारसबागेच्या जागी पूर्वी पर्वतीचं तळं होतं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं, हे त्यांना माहीत आहे आणि नातवाला नाही. तळं निघतं विरुद्ध गटाचं, आणि मग खेळ थांबून दहा मिनिटं पुण्याचा इतिहास चालतो. किंवा "सिंहगड, तीन". पोरं पिठलं आणि दही लगेच उचलतात आणि तिसऱ्यापाशी अडतात. आजी शांतपणे 'घोरपड' दाखवते. एकाच गावात राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या डोक्यात ते गाव किती वेगवेगळं आहे, हे या खेळात जेवढं कळतं तेवढं मला दुसरीकडे कुठे कळलं नाही. एक खबरदारी घ्या, टेबलावर 'पाणी' असेल तर 'पाणीपुरवठा' ही सूचना चालत नाही. समासावरून वाद होणार, त्यासाठी घरातली मराठीची शिक्षिका नेमा. तिला शाप मिळाला तर माझी जबाबदारी नाही.

काही घरांत हरणं सोसतच नाही. "रडीचा डाव खडी" म्हणून पोरांना चिडवतो आपण, पण मोठ्यांमध्येही चिडके बिब्बे कमी नसतात. त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून खेळायचे, सगळ्यांनी मिळून हरायचे खेळ आहेत. मॅट लीकॉकचा पँडेमिक त्यातला प्रसिद्ध, जगभर पसरणाऱ्या साथी आवरायच्या. खेळ उत्तम, पण आपल्या घरात त्याला एक रोग लागतो. सगळं उघडं असल्यामुळे घरातला एक अनुभवी माणूस सगळ्यांच्या चाली स्वतःच ठरवायला लागतो. "सूनबाई, तू दिल्लीला जा. बंडू, तू तिथेच थांब." बाकीचे नुसते प्यादी हलवतात.

यावरचा उतारा हानाबी. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा, 2013 चा पुरस्कार. आतषबाजी सजवायची, म्हणजे दिवाळीला अगदी जुळणारा, शिवाय धूर नाही. यात पत्ते उलटे धरायचे, तोंड बाहेर. बाकी सगळ्यांचे पत्ते मला दिसतात, माझे मला नाहीत. तुम्ही मला एवढंच सांगू शकता, "हे दोन पत्ते लाल," किंवा "हा एक तिर्री." अशा सूचनाही एका वेळी आठच शिल्लक. हुकूम सोडणाऱ्या माणसाला स्वतःच्याच हातातलं दिसत नसल्यानं तो आपोआप दुसऱ्यांवर विसंबतो. कमी बोलणाऱ्या माणसांना हा खेळ फार मानवतो. खोका विकत घ्यायलाच हवा असं नाही. पत्त्यांचे तीन जोड घ्या. प्रत्येक रंगाचे तीन एक्के, दोन दुर्र्या, दोन तिर्र्या, दोन चौवे आणि एक पंजी काढा. चाळीस पत्ते झाले. एक्क्यापासून पंजीपर्यंत चारही रंग लावायचे, पूर्ण झाले तर वीस गुण. तीन चुका झाल्या की डाव संपला.

दीक्षितबद्दल, माफ करा, 'दिक्सित' या खेळाबद्दल थोडक्यात. (हशा) 84 चित्रांचे पत्ते. सांगणारा आपल्या चित्राला साजेसं काही बोलतो, बाकीचे आपापल्या हातातलं जुळणारं चित्र देतात, मग ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं तर सांगणाऱ्याला शून्य, कुणीच नाही ओळखलं तरी शून्य. म्हणून आजीनं अभंगाचा एखादा चरण म्हणावा. तिच्या लेकीला कळतो, नातवंडांना नाही. गुण पक्के.

मुलांना मुद्दाम जिंकू द्यावं का, असं नेहमी विचारतात. मला विचाराल तर नाही, त्यांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा नशिबाचा वाटा जास्त असलेला खेळ निवडा. बुद्धिबळात सहा वर्षांचं पोर बापाला हरवणार नाही, फाशांत हरवेल.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. चकली खाल्लेले हात पत्त्यांना लावू देऊ नका, तेलाचे डाग जात नाहीत. पंखा बंद ठेवा किंवा पत्ते पेल्याखाली दाबा. गुडघे दुखणाऱ्यांना सतरंजीवर बसवू नका, डायनिंग टेबल रिकामं करा. आणि माणसं मोजून खेळ काढा. कटानचा मूळ खोका चौघांपुरता, हानाबी पाचांपर्यंत. घरात नऊ जण असले तर कोडनेम्स किंवा सरळ दोन टेबलं. पाचव्याला "तू बँक सांभाळ" म्हणून बसवायचं, ही जुनी खोड सोडा.

बाहेर व्हरांड्यात चार टेबलं मांडली आहेत. मराठी चिठ्ठ्या तिसऱ्यावर आहेत, तिथे दोन म्होरके हवेत, शक्यतो एक साठीच्या पुढचा आणि एक शाळेतला. हानाबीच्या टेबलावर पाचच खुर्च्या आहेत, सहावी आणू नका. वाचनालय साडेआठला बंद होतं, म्हणून प्रश्न आपण खेळता खेळताच घेऊ.