कागदाखाली झाकलेलं नाव

(पडद्यावर : सात इंची काळी रेकॉर्ड, पांढरं लेबल. सुई अजून खाली आलेली नाही.)

२०२० साली इंग्लंडमध्ये एक सात इंची रेकॉर्ड एक लाख पौंडांना विकली गेली. गायक फ्रँक विल्सन, साल १९६५. लेबलाचं नाव 'सोल', म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचीच एक शाखा. गाणं, 'डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)'.

रेडिओ केंद्रांना पाठवण्यासाठी या गाण्याच्या नमुना प्रती काढल्या होत्या, साधारण अडीचशे असं मानलं जातं. पण रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. गायक व्हायचंय की पडद्यामागे राहून इतरांची गाणी घडवायचीत, असा प्रश्न मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांनी विल्सन यांच्यापुढे ठेवला आणि विल्सन यांनी दुसरा रस्ता धरला. पुढे 'फोर टॉप्स'सारख्या मोठ्या नावांसाठी ते निर्माते म्हणून काम करत राहिले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याच्या प्रती मात्र मोडीत गेल्या. वाचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच.

बातमी होते ती लाख पौंडांची. आम्हाला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या आधीची. अमेरिकेत खपली नाहीत अशी शेकडो गाणी, दहा-पंधरा वर्षांनी, उत्तर इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांत रात्रभर वाजत होती आणि पोरं त्यांवर नाचत होती. ही गाणी ज्यांनी शोधून आणली, त्यांनी ती वाचवली. आणि त्यांतल्याच काहींनी ती गाणाऱ्यांची नावं कागद चिकटवून झाकली.

(पडद्यावर : मँचेस्टर, विटांच्या जुन्या गोदामांची रांग.)

मँचेस्टर हे नाव मुंबईला नवं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, तेव्हा मँचेस्टरभोवतालच्या लँकेशर भागातल्या गिरण्यांसाठी गुजरात-खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातूनच जात होता. शंभर वर्षांनी त्या गिरण्या धापा टाकत होत्या. तरुण मुलं पाळ्यांमध्ये राबत होती, आणि आठवड्याभराचा सगळा जीव शनिवारच्या रात्रीत ओतत होती. गिरणगावात वाढलेल्यांना पाळी सुटल्यानंतरच्या त्या मोकळ्या तासांची किंमत सांगायला नको.

मँचेस्टरमध्ये 'ट्विस्टेड व्हील' नावाचा क्लब होता. १९६३ साली सुरू झाला, दोन वर्षांनी व्हिटवर्थ स्ट्रीटवरच्या जागेत गेला, १९७१ साली बंद पडला. तळघरातल्या खोल्या, दारू नाही, शनिवारची रात्र सरून रविवार उजाडेपर्यंत नाच. वाजायचं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं सोल संगीत. तेही एका विशिष्ट घडणीचं : जलद, प्रत्येक ठोक्यावर ठाम, मागे ब्रास आणि तंतुवाद्यं, वर गायकाचा आर्त आवाज. शब्द बहुतेक वेळा दुःखाचे, आणि ताल असा की उभं राहवत नाही.

लंडनमध्ये डेव्ह गोडिन यांचं 'सोल सिटी' नावाचं रेकॉर्डींचं दुकान होतं. फुटबॉलचे सामने बघायला उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरायची आणि नवं काही न बघता हाच जुना, जलद आवाज मागायची. दुकानातल्या माणसांना खूण म्हणून गोडिन यांनी या मालाला 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली. १९७० साली 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्यांच्या लेखात ते नाव छापून आलं आणि कायमचं चिकटलं. गाणी डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसची. 'उत्तरेचे' होते ते ऐकणारे.

या साऱ्या संग्रहामागचं खरं कारण इथेच आहे. १९६७-६८च्या सुमारास अमेरिकेतलं संगीत बदललं. फंक आलं, चाल जड झाली, ताल तुटक झाला. लंडन त्याच्याबरोबर पुढे गेलं. उत्तरेकडच्या नाचणाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली : आम्हाला तोच आधीचा वेग हवा. पण तशी गाणी आता कोणी करतच नव्हतं. मग नव्या शनिवारसाठी नवं गाणं आणायचं कुठून? मागे जाऊन. १९६४ ते ६७च्या दरम्यान निघून विसरल्या गेलेल्या गाण्यांतूनच.

आणि तिथे साठा अफाट होता. मोटाउनचं यश बघून डेट्रॉइटमध्ये छोट्या कंपन्यांचं पीक आलं होतं. 'रिक-टिक', 'गोल्डन वर्ल्ड' ही त्यांतली नावं. मोटाउनचे पगारी वादक रात्री गुपचूप या प्रतिस्पर्ध्यांकडे वाजवून यायचे. कळल्यावर गॉर्डी दंड करायचे. म्हणजे वादक तेच, शहर तेच, गळेही कमी नव्हते. कमी पडायचं ते वितरण, आणि रेडिओवर गाणं लावून घेण्याची ताकद. काही शे प्रती निघायच्या, आजूबाजूच्या दोन-चार शहरांत वाजायच्या, आणि उरलेला गठ्ठा गोदामात. ही गाणी वाईट होती म्हणून पडली, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांतली दहा ऐकावीत.

(पडद्यावर : रेकॉर्ड अगदी जवळून. नख कडेवरून फिरतं.)

संग्राहक रेकॉर्ड हातात घेतो तेव्हा काय बघतो, ते नीट पाहू या. मधलं भोक मोठं, जवळजवळ ३८ मिलिमीटर : ही अमेरिकन प्रत. इंग्लंडमधल्या यंत्रावर ती लावायची तर मध्ये प्लास्टिकची चकती बसवावी लागते. आता नखानं हलकेच टिचकी मारायची. रेकॉर्डी दोन तऱ्हेच्या प्लास्टिकच्या असतात : आवाज बद्द आला तर व्हिनाइल, टणक आणि उंच आला तर स्टायरीन. स्टायरीन साच्यात ओतून बनतं, ते स्वस्त आणि घाईचं काम. खराब सुईखाली त्याची खोबण लवकर घासते आणि मग गाण्याबरोबर कायमची खरखर येते. एखादं दुर्मीळ गाणं फक्त स्टायरीनवरच निघालेलं असतं, तेव्हा स्वच्छ प्रत मिळणं महामुश्कील.

लेबलातून आरपार गेलेलं एक बारीक छिद्र दिसतंय? हा पडून राहिलेला माल. कंपनीनं खपत नाही म्हणून पडेल भावात काढला, त्याची ती खूण. आणि शेवटची खोबण संपते तिथून लेबलापर्यंतचा हा गुळगुळीत पट्टा. यात आकडे कोरलेले असतात, कधी हातानं, कधी ठशानं. बारीक त्रिकोण आणि त्याशेजारी आकडा दिसला तर रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या 'मोनार्क' कारखान्यातली. नकली प्रतीत लेबल हुबेहूब जमतं, पण या पट्ट्यातलं अक्षर चुकतं. मुरलेला संग्राहक आधी इथेच बघतो, उजेडात तिरकी धरून.

रेकॉर्डी आणायला माणसं अमेरिकेत जाऊ लागली. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचे डीजे इयान लिव्हाइन कुटुंबासोबत मायामीला जायचे आणि तिथून खोकी भरून रेकॉर्डी आणायचे. दुसरे डीजे रिचर्ड सर्लिंग यांनी १९७३ साली अमेरिकेत गायिका ग्लोरिया जोन्स यांची एक जुनी रेकॉर्ड घेतली. तिच्या मागच्या बाजूचं गाणं होतं 'टेन्टेड लव्ह'. मूळ रेकॉर्ड साफ पडली होती. सर्लिंग यांनी ती नाचणाऱ्यांसमोर लावली आणि उत्तर इंग्लंडनं ती उचलून धरली. १९८१ साली 'सॉफ्ट सेल' या जोडीनं तेच गाणं नव्यानं केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जोडीतले डेव्ह बॉल ब्लॅकपूलला वाढलेले. ही गाणी त्यांच्या कानात लहानपणापासून होती. एका माणसानं धूळ खात पडलेली एक रेकॉर्ड उचलली नसती तर हे घडलंच नसतं.

(पडद्यावर : लेबलावर चिकटवलेला कोरा कागद, पेनानं लिहिलेलं भलतंच नाव.)

आता त्या कागदाकडे येऊ. डीजेची पत त्याच्याकडच्या गाण्यांवर ठरायची. जे गाणं फक्त त्याच्याकडे आहे, ते ऐकायला लोक शंभर मैलांवरून यायचे. मग ते दुसऱ्याला सापडू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवायचा, आणि गायकाचं व गाण्याचं नाव मनानंच ठोकून द्यायचं. याला म्हणायचे 'कव्हर-अप'. फ्रँक विल्सन यांच्या बाबतीत हेच झालं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटाउनच्या जुन्या साठ्यातली एक प्रत बाहेर आली, तिच्यावरून नकला निघाल्या, आणि इंग्लंडमध्ये हे गाणं 'एडी फॉस्टर' या नावानं वाजू लागलं.

संग्राहक मंडळी या प्रथेबद्दल प्रेमानं बोलतात. तिच्यामुळे शोधाला धार आली, हे खरंच आहे. तरी मला ही प्रथा पटत नाही. ज्या गायकाला त्याच्या देशानं ओळखलं नाही, त्याचं गाणं हजार माणसं डोळे मिटून ऐकतायत, आणि त्याच क्षणी त्याचं नाव खोडलेलं आहे. हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

१९७९ साली मोटाउननं ब्रिटनमध्ये ते गाणं रीतसर काढलं. लेबलावर फ्रँक विल्सन.

(पडद्यावर : विगन, स्टेशन रोड.)

२३ सप्टेंबर १९७३. विगन कॅसिनो सुरू झालं. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधलं हे कोळशाचं गाव, आणि गावातला हा जुना नाचघर. दार उघडायचं रात्री दोनला, बंद व्हायचं सकाळी आठला. लाकडी जमिनीवर पाय घसरावा म्हणून पोरं टाल्कम पावडर टाकायची. ढगळ रुंद पायांच्या विजारी, हातात बॅग, बॅगेत कपड्यांचा दुसरा जोड, कारण पहिला घामानं भिजून जायचा. जोडीनं नाचण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक जण स्वतःच्या जागेत : गिरकी, मागे झोकून देणं, हातावर तोलून पुन्हा उभं राहणं. दारू मिळायची नाही. पण रात्रभर जागण्यासाठी अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या सर्रास चालायच्या, आणि काहींना त्या फार महागात पडल्या.

नाचघरातच रेकॉर्डींचा बाजार भरायचा. आत्ता जे वाजलं ते तिथेच विकत मिळतंय का, हे बघायला पोरं घामेजल्या अंगानं खोकी चाळायची. पगारातला मोठा हिस्सा तिथे जायचा.

रात्र संपवणारी तीन गाणी ठरलेली असायची : टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि शेवटी डीन पॅरिश यांचं. ६ डिसेंबर १९८१ला विगन कॅसिनो बंद झालं. ती तीन गाणी वाजून झाली तरी माणसं हलेनात. तेव्हा शेवटची रेकॉर्ड लावली ती फ्रँक विल्सन यांची.

न्यू यॉर्कच्या डीन पॅरिश यांना कितीतरी वर्षं कल्पनाच नव्हती की आपल्या आवाजावर एका परक्या देशातल्या पोरांची रात्र संपते. कळल्यावर ते ब्रिटनमध्ये येऊन त्यांच्यासमोर गायले. अमेरिकन गायक एडविन स्टार तर ब्रिटनमध्येच स्थायिक झाले, आणि २००३ साली नॉटिंगहॅमजवळ वारले. पण असं भाग्य मोजक्यांचं. नकली प्रती हजारोंनी खपल्या, त्यातला एक पैसाही गायकाला गेला नाही. जुनी अस्सल प्रत लाखांना विकली गेली तरी पैसे मिळतात विकणाऱ्याला.

म्हणून १९८२ साली लंडनच्या 'एस रेकॉर्ड्स'नं सुरू केलेलं 'केंट' हे लेबल मला या साऱ्या कथेत फार मोलाचं वाटतं. तिथे काम करणारे स्वतः संग्राहकच होते. त्यांनी जुन्या अमेरिकन कंपन्यांच्या मूळ टेप शोधल्या, हक्क ज्याच्याकडे असतील त्याच्याशी करार केले, आणि कोण गायलं, कोणी लिहिलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं हे कव्हरवर छापलं. टेपांच्या त्या ढिगांत अशी गाणी निघाली जी कधी रेकॉर्डवर आलीच नव्हती. मेल्बा मूर यांचं 'मॅजिक टच' त्यांतलंच. १९६०च्या दशकात गायलेलं, डब्यात राहिलेलं, आणि १९८०च्या दशकात केंटनं पहिल्यांदा काढलेलं. लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'हंड्रेड क्लब'मध्ये रात्रभराच्या सोल मैफिली अजून होतात. तिथे ते वाजतं, मेल्बा मूर यांच्याच नावानं.