नेसण्याची रीत आणि माणसाची ओळख

श्रोतेहो, नमस्कार. फॅशनचा अभ्यास म्हटले की कापड, बेतणी, शिवण आणि रंगसंगती यांचे शिक्षण डोळ्यांपुढे येते. १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमुळे तो समज आपल्याकडे आणखीच रुजला. मात्र कोणी काय नेसावे, कसे नेसावे आणि ते कोणी ठरवावे, हे प्रश्नही या विद्याशाखेच्या केंद्रस्थानी आहेत. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्येच भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

या शाखेतील एक जुना सिद्धान्त जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांचा आहे. वरच्या वर्गाच्या पेहरावाचे खालचा वर्ग अनुकरण करतो आणि तसे होताच वरचा वर्ग तो पेहराव टाकून नवा स्वीकारतो, असे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. युरोपातील महानगरांपुरते ते बरेचसे पटते. पण महाडची एक घटना त्या चौकटीत बसवू गेल्यास चौकटच अपुरी पडते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे जडशीळ दागिने पाहताक्षणी जात सांगतात, तेव्हा ती खूण पुसून टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. त्या स्त्रियांनी लगोलग लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. लुगडे तेच, लांबी तीच. बदलला तो फक्त नेसण्याचा ढंग. याला अनुकरण म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते, कारण इथे हौसेचा संबंध नव्हता. दुसऱ्यांनी अंगावर लादलेली खूण उतरवण्याचा हक्क त्या बजावत होत्या.

असा बदल अभ्यासायचा तर पुरावा कुठून आणायचा, ही खरी अडचण आहे. वस्तुसंग्रहालयात आपल्याला पैठण्या, शालू आणि जरीचे शेले दिसतात. कष्टकरी बाईचे लुगडे तिथे सहसा पोचत नाही, कारण ते विरेपर्यंत वापरले जाते आणि विरल्यावर त्याची गोधडी होते. (गोधडीच्या थरांतून जुन्या लुगड्यांचे काठ आणि रंग वाचता येतात, हे मात्र अभ्यासकाचे भाग्य.) म्हणून छायाचित्रे, आत्मकथने आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांना इथे दस्तऐवजाचे मोल येते.

वेशभूषाकारालाही याच साधनांकडे वळावे लागते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. त्या कामात अनेक दशकांचा काळ आणि प्रचंड जनसमुदाय पेहरावातून उभा करायचा होता. उद्या कोणी महाडचा प्रसंग पडद्यावर आणला, तर भाषणापूर्वीचे नेसणे आणि नंतरचे नेसणे वेगवेगळे दाखवावे लागेल, आणि त्यासाठी काठ घोट्याला टेकला की गुडघ्याशी थांबला, एवढा तपशील आधी कोणीतरी नोंदवून ठेवलेला असावा लागेल.