रोजा ठेवायला शिकवताय, तर सोडायलाही शिकवा

अस्सलामु अलैकुम. आजचा विषय 'शाबान महिन्यात, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, मुलांची रमजानसाठी तयारी' असा आहे. झोप, सहरी म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण, पाणी, शाळा या सगळ्यावर बोलायचंय. पण त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावू, कारण तो तसाच राहिला तर बाकीची तयारी पाण्यात जाते. तो प्रश्न इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे. "काय रे, तुझे किती रोजे झाले?"

रमजानचा पहिला आठवडा सरला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा मुलांना हेच विचारतो. मोठीचे सहा, मधल्याचे चार, धाकट्याचा एक. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघा. सहावाली पुढे येऊन सांगते, एकवाला आईच्या मागे सरकतो. खरं तर या वयात रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाहीच. झोपलेला जागा होईपर्यंत, लहान मूल बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, आणि बुद्धी हरपलेला शुद्धीवर येईपर्यंत, या तिघांवरून कलम उचललेली आहे, म्हणजे त्यांच्या कर्माचा हिशेब लिहिला जात नाही, ही पैगंबरांची हदीस आपल्याला पाठ आहे. ज्याचा हिशेब अल्लाहने मुलाकडे मागितलेला नाही, तो आपण दिवाणखान्यात बसून मागतो.

याचा परिणाम न्हाणीघरात दिसतो. दुपारचे साडेतीन वाजलेत, घसा कोरडा पडलाय. मूल वुजूला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला, म्हणून आत जातं, नळ सोडतं, ओंजळ तोंडाला लावतं. गुळणीचा आवाज मुद्दाम मोठा काढतं आणि एक घोट गिळतं. संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूर हातात घेऊन बसतं. कोणीतरी म्हणतं, "माशाअल्लाह, पाचवा!" आणि ते मान वर करत नाही. रोजा ही अशी इबादत, अशी उपासना आहे, की ती खरी की खोटी हे बाहेरच्याला तपासताच येत नाही. 'रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन' असं अल्लाहचं म्हणणं हदीसे-कुदसीत आलंय. त्या इबादतीच्या पहिल्याच धड्यात मूल लपवायला शिकलं, तर दोष त्याच्या भुकेचा नाही, आपल्या मोजणीचा आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की शाबानमध्ये रोजा सोडण्याचीही तालीम घ्या. तालीम म्हणजे खरोखर उभं राहून, बोलून. मुलाने कोणाकडे जायचं ते आधी ठरवा; एकच माणूस. काय म्हणायचं तेही ठरवा: "मला आता जमत नाहीये." एवढंच, कारण सांगायची सक्ती नाही. मोठ्यांचं उत्तरही पाठ हवं: "बरं झालं सांगितलंस. बस, पाणी पी." उसासा टाकायचा नाही. "अगं, दोनच तास तर राहिले होते" हे वाक्य तर घरातून हद्दपार करा. आणि संध्याकाळी त्या मुलाची इफ्तारची जागा नेहमीचीच, सगळ्यांच्या रांगेत. नाबालिग मुलाने रोजा मध्येच सोडला तर त्याच्यावर कजा, म्हणजे नंतर भरून काढायचा रोजा नाही, कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त नाही. हे त्याला त्याच्या कानांनी ऐकू द्या.

काही खोट्या भीतीही याच वेळी काढून टाका. विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. आठवल्याबरोबर थांबायचं आणि रोजा पुढे चालू. त्याला अल्लाहने खाऊपिऊ घातलं, असं हदीसमध्ये आलंय. आपली लाळ गिळल्याने रोजा जात नाही. आपोआप उलटी झाली तरी जात नाही. हे माहीत नसलेली मुलं दिवसभर थुंकत राहतात आणि तहानेने आणखी बेजार होतात.

आता एका लोकरीच्या खेळण्याची गोष्ट सांगते. रुबैय्यि बिन्त मुअव्विज या मदिनेतल्या अन्सारी सहाबिया, म्हणजे पैगंबरांच्या सोबतिणींपैकी एक. त्यांची रिवायत, त्यांनी सांगितलेली हकिकत, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांमध्ये आहे. प्रसंग रमजानचा नाही, आशुऱ्याच्या, म्हणजे मोहरमच्या दहा तारखेच्या, रोज्याचा आहे, पण मुलांना सवय लावण्याचा आधार म्हणून उलेमा हीच रिवायत पुढे ठेवतात. त्या सांगतात, आम्ही मुलांनाही रोजा ठेवायला लावायचो आणि त्यांच्यासाठी लोकरीचं खेळणं करायचो. कोणी जेवणासाठी रडलं की ते त्याच्या हातात द्यायचो, इफ्तारची वेळ होईपर्यंत. जरा थांबून यातली तयारी बघा. मूल रडणार हे त्या आयांनी गृहीत धरलंय. रडण्याबद्दल बोल नाहीत, शिकवण नाही. लोकर कातून, वळून खेळणं हाताशी तयार आहे. आपल्या घरात मूल रडायला लागल्यावर आपण शोधाशोध करतो, आणि हाताला मोबाइल लागतो. पडद्यासमोर मूल शांत बसतं खरं, पण त्यात खाण्याच्या जाहिराती असतात आणि डोकंही दुखायला लागतं. त्यापेक्षा एक खोका भरा: चिकणमाती, कात्री-कागद, सुई-दोरा, अर्धवट सोडलेलं कोडं. तो खोका फक्त असर ते मगरिब, म्हणजे दुपार उतरल्यापासून सूर्यास्तापर्यंत, या वेळातच उघडायचा. एरवी मिळत नाही, म्हणून त्याची ओढ टिकते.

असरचा विषय निघालाच आहे, तर अर्ध्या रोज्याबद्दल. बहुतेक घरांत अर्धा रोजा म्हणजे सकाळपासून जोहरपर्यंत, दुपारच्या नमाजेपर्यंत. यात अडचण अशी, की मूल भर दुपारी एकटंच जेवतं आणि संध्याकाळी, सगळे रोजा खोलतात तेव्हा, त्याच्याकडे खोलायला काही उरत नाही. हे उलटं करून बघा. सुरुवात असर ते मगरिब. दुपारी पोटभर जेवण झालेलं असतं, त्यामुळे हा टप्पा सहा-सात वर्षांच्या मुलालाही झेपतो, आणि ते इफ्तारला हक्काने बसतं. मग जोहर ते मगरिब. मग उशिरा केलेल्या न्याहारीपासून. सहरीपासून पूर्ण रोजा शेवटी, आणि तोही सुट्टीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप भरून काढता येते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. ठरलेला विषय आता भरभर घेते.

झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसभरात नऊ ते बारा तास झोप लागते. पंधरा शाबानपासून दर तीन दिवसांनी झोपणं आणि उठणं दोन्ही पंधरा मिनिटं अलीकडे आणा. बारा दिवसांत एक तास सरकतो. एकदम दोन तास सरकवलंत तर मूल अंथरुणात जागं पडून राहतं आणि सहरीला उठतच नाही. तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजेला, लहानांना इशाची नमाज आणि पहिल्या चार रकाती, म्हणजे नमाजेचे चार फेरे, एवढ्यापुरतं न्या.

सहरी. सुबह-सादिकच्या, म्हणजे पहाट फुटण्याच्या, पाऊण तास आधी उठवा. झोपेतल्या मुलाला भूक जागी व्हायलाच थोडा वेळ लागतो. ताटात सावकाश पचणारं धान्य, अंडं, दूध-दही किंवा डाळ, एखादं फळ. खारट, तळलेलं आणि गोडधोड टाळा. मिठाने तहान लागते, नुसत्या साखरेने भूक लवकर परत येते. शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी पाजू नका, त्यातलं बरंचसं तासाभरात लघवीवाटे निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत एकेक ग्लास देत राहा. इफ्तारला खजूर, पाणी, मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर जेवण. रिकाम्या पोटी एकदम भरलेलं ताट रिचवलं की पोटात कळ येते.

शाळा. वर्गशिक्षकांना चार ओळींचं पत्र द्या: कोणत्या दिवशी रोजा आहे, मैदानी तासाला काय करायचं, आणि मुलाने मागितलं तर पाणी द्यायला आमची परवानगी आहे. हे शेवटचं वाक्य लिहायचं राहतं आणि मग शिक्षक पेचात पडतात. चक्कर, वारंवार उलटी, सहा-आठ तास लघवी न होणं, बोलण्यात असंबद्धपणा यातलं काहीही दिसलं तर रोजा तिथेच सोडवा आणि घोट घोट पाणी द्या. असंबद्ध बोलणाऱ्या किंवा गुंगीत असलेल्या मुलाला मात्र तोंडाने काही न देता थेट दवाखाना गाठा. मधुमेह, फिट्स किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांचं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मुली. पाळी आली की रोजा फर्ज होतो, मग वय अकरा का असेना. त्या दिवसांत रोजा नाही, नंतर कजा. नमाजेची मात्र कजा नाही. हे आईने शाबानमध्येच सांगावं, आणि घरातल्या भावांनी 'आज तुझा रोजा का नाही' असं विचारायचं नाही, हेही. मुलगा असो की मुलगी, वयात आल्याच्या इतर खुणा दिसल्या नाहीत तर बहुतेक फुकहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते पंधराव्या वर्षी फर्ज. पण ही वर्षं चांद्र आहेत. इंग्रजी तारखेने ती साडेचौदाच्या जरा पुढेच भरतात, म्हणून हिशेब आधी करून ठेवा.

आणि शेवटचं. सरावाचे रोजे सत्तावीस शाबानपर्यंत संपवा. रमजानच्या एक-दोन दिवस आधी रोजा ठेवून पुढे धावू नका, अशी मनाई आहे. एकोणतीसच्या संध्याकाळी चांद दिसेल की नाही हे ठाऊक नसतं आणि मुलं वाट बघत रात्री अकरापर्यंत जागतात. त्यांना वेळेवर झोपवा, सहरीची तयारी करून ठेवा, आणि चांद दिसला तर उठवीन असा शब्द द्या. मग दिसला तर उठवा. गाढ झोपलंय म्हणून परस्पर सोडून देऊ नका.

प्रश्न बाहेर घेऊ.