रात्री अडीचची घूंऽऽ

नमस्कार मंडळी. आज फोनबद्दल बोलायचंय, म्हणजे फोनने थरथर कशी मोजायची त्याबद्दल.

झालं काय, मागच्या उन्हाळ्यात आमच्या बेडरूममध्ये रात्री अडीचच्या सुमाराला घूंऽऽ सुरू व्हायचं. कानाला कमीच, पण उशीवर डोकं टेकलं की दाढेत जाणवायचं. बायको म्हणाली बाहेरची डीपी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी आहे, शेजारचे काकाही म्हणाले डीपीच, आणि दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर वीज कंपनीला द्यायचा अर्ज टाईप करून तयार! खरं सांगू का, असली भांडणं ग्रुपवर करूच नयेत, गेटपाशी चार खुर्च्या टाकून बसलं की निम्मी तिथेच मिटतात. असो.

मी फोनमध्ये फायफॉक्स टाकलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी 2016 मध्ये आणलेलं ॲप, फुकट आहे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ज्या सेन्सरला कळतं तोच सेन्सर थरथर पण पकडतो. पहिल्या रात्री फोन गादीवर ठेवला, काही दिसेना, गादी सगळं खाऊन टाकते. दुसऱ्या रात्री कव्हर काढून खिडकीच्या कडप्प्यावर ठेवला. अडीचला घूं सुरू झालं आणि स्क्रीनवरच्या आलेखात एकच सुळका उभा राहिला, 48 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48 वेळा थरथर.

हे 48 लक्षात ठेवा. आपली लाईट 50 हर्ट्झची, आणि डीपीतला ट्रान्सफॉर्मर घुमतो त्याच्या दुप्पट, 100 वर, कारण दर सायकलला आतला लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. मग 48 कुणाचे? टॉर्च घेऊन खाली पळालो, पंपाच्या मोटरची पाटी पुसली, 2880 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 2880 फेरे. भागिले 60, बरोब्बर 48! पाणी रात्री येतं, पंप ऑटोवर आपोआप सुरू होतो.

पण पंप तर जुनाच, मग आवाज आत्ताच का? सकाळी काकांना पंप चालू करायला लावला आणि फोन पाइपच्या प्रत्येक क्लॅम्पशेजारी भिंतीला दाबून धरत वर गेलो. आमच्या मजल्यावर सुळका सगळ्यात उंच. महिन्यापूर्वी नवीन पाइप टाकला तेव्हा इथे लोखंडी क्लॅम्प थेट भिंतीत आवळलेला, मध्ये रबर नाही. स्कूटरची जुनी ट्यूब कापून आत घातली, सुळका जवळपास जमिनीला टेकला. काकांनी अर्ज स्वतःच डिलीट केला.

आता थोडक्यात. आत गणित आहे ते फुरिए या फ्रेंच गणितज्ञाचं, दोनशे वर्षांपूर्वीचं, भजनात टाळ वेगळा, पखवाज वेगळा ऐकू यावा तसं मिसळलेली थरथर सुटी करून दाखवणारं. माझ्या फोनचा सेन्सर सेकंदाला 400 वेळा मोजतो म्हणून त्याच्या निम्म्यापर्यंत, 200 हर्ट्झपर्यंतच दिसतं. बेअरिंगची चिरचिर, मिक्सरचा आवाज बघायचा तर माइक वापरा, तो सेकंदाला 48,000 वेळा मोजतो. आणि परत सांगतो, थरथर बघताना फोन कडक जागेवर, कव्हर काढून. गादीवर नाही!

जुने मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ओळखतात, त्या कानाला माझा नमस्कारच आहे. आपला कान तेवढा तयार नाही, म्हणून मशीन ठीक असतानाच एक स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, म्हणजे पुढे नवीन सुळका उगवला की लगेच कळतं. आमच्या पंपाचा मी तारखेसकट ठेवलाय, आणि काकांनी परवा त्यांच्या वॉशिंग मशीनचा पण काढून घेतला.