भर वैशाखात सूर्याची वाटचाल

[दृश्य : जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, सकाळ]

१ मे. झेंडावंदन सकाळी लवकर उरकतं, कारण नंतर पोरांना उन्हात उभं करवत नाही. मग प्रगतिपुस्तक हातात पडतं आणि सुट्टी लागते. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं, हे भाषणांतून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कुंपणालगत आपलं राज्यफूल फुललेलं असतं, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

ताम्हण. जवळ जाऊन बघा. तुरा खालून वर फुलत जातो. तळाशी पूर्ण उमललेली जांभळी फुलं, शेंड्याला अजून घट्ट मिटलेल्या कळ्या. पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. त्याच फांदीवर गेल्या वर्षीची सुकी, लाकडी बोंडंही लटकत असतात. राज्याच्या वाढदिवसाला राज्यफूल ऐन बहरात असणं हा योगायोग असेल, पण छान जुळून आलाय.

[दृश्य : आकाश, मग जमिनीवरच्या सावल्या]

उत्तर युरोपात उन्हाळ्याचा मध्य २१ जूनच्या आसपास साजरा करतात. आपल्याकडे तोवर छत्र्या बाहेर निघालेल्या असतात. आपला भर उन्हाळा मे महिन्यातला, आणि त्याला आकाशातली पक्की खूण आहे. मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडून सूर्य उत्तरेला सरकत येतो. साधारण ३ मेला तो सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकावर, भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. म्हणजे महाराष्ट्र दिन झाला की दोन दिवसांत सूर्य महाराष्ट्रात दाखल.

तिथून तो पालखीसारखा मुक्काम दरमुक्काम वर जातो. सुरुवातीची चाल दिवसाला तीसेक किलोमीटर, महिनाअखेरीस जेमतेम पंधरा-सोळा. कोल्हापूर ६ मेच्या सुमारास. पुणे १३-१४. मुंबई १५-१६. नाशिक २०. नागपूर २६. तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतील, एवढंच.

[दृश्य : पुण्यातली गच्ची, दुपारी सव्वाबारा]

गच्चीवर स्टीलचा उभट पेला पालथा ठेवलाय. घड्याळात बारा वाजले तेव्हा त्याच्या पश्चिमेला सावलीची बारीक पट्टी होती. ती आत आत ओढली जाते. साडेबाराच्या सुमारास पेल्याच्या बुडाशी काहीच उरत नाही. हाच शून्य सावलीचा दिवस. चार-पाच मिनिटांत दुसऱ्या अंगाला पुन्हा काळी रेघ डोकावते. पुण्याचा माथ्यावरचा सूर्य बाराला न येता साडेबाराला येतो, कारण आपलं घड्याळ चालतं ते पूर्वेकडच्या, साडेब्याऐंशी रेखांशावरच्या वेळेनुसार.

आणि हो, सूर्य डोक्यावर म्हणून तोच दिवस सगळ्यांत तापलेला, असं नसतं. पुण्यात पारा बहुतेकदा एप्रिलअखेरीलाच चढून बसतो. मेच्या मध्यापर्यंत समुद्राकडून वारा सुरू होतो, दुपारनंतर ढग जमतात, कधी वळीव कोसळतो.

[दृश्य : रस्त्याकडेचा बहावा, करवंदाची जाळी]

या दिवसांत रान ओसाड झालंय असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ते खरं नाही. झाडांची ही घाईची वेळ आहे. मुळं खोलवरचं पाणी ओढतात, आणि पाऊस यायच्या आत कितीतरी झाडं नवी पालवी धरून मोकळी होतात. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, त्यावर काळे भुंगे दिवसभर घोंघावतात. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असं गावोगावी सांगतात. हिशेब साधारण जुळतोही. पण तो हवामान खात्यात नोकरीला नाही. त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सुरू होतं. करवंदं काळी पडतात. कावळे काटक्या गोळा करत असतात.

[दृश्य : सह्याद्री, रात्र]

मेच्या उत्तरार्धात भंडारदऱ्याला आणि राजमाचीला काजवे चमकू लागतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा. झाडच्या झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. हा नर-माद्यांचा संवाद असतो. अळी असताना हा किडा गोगलगायी खातो, पंख फुटल्यावर हाती उरतात थोडेच आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा. अशा वेळी शनिवार-रविवारच्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या टॉर्च त्यांच्यावर मारणं म्हणजे त्यांच्या बोलण्यात आपण भोंगा वाजवणं. कृपया दिवे बंद ठेवून बघा, नाहीतर जाऊ नका.

[दृश्य : विदर्भ]

२५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि विदर्भात नवतपा, म्हणजे सगळ्यांत तापाचे समजले जाणारे नऊ दिवस, लागतो. दुसऱ्याच दिवशी तो नागपूरच्या माथ्यावर असतो, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. जुन्या लोकांनी नऊ दिवस उगाच निवडलेले नाहीत. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचा, म्हणजे विड्या वळायच्या पानांचा, हंगाम याच उन्हाळ्यातला. माणसं अंधारातच रानात शिरतात, ऊन चढायच्या आत परततात, मग घरोघरी सावलीला बसून पानं मोजून पुडे बांधले जातात, सत्तर पानांचा एक. मोहाची फुलं वेचून झालेली असतात, आता टोळी, म्हणजे मोहाची फळं, पिकायला लागतात. मेच्या शेवटाला सूर्य राज्याची उत्तर हद्द ओलांडतो.

[दृश्य : पावसाळी आकाश]

२१ जूनला तो कर्कवृत्तावर, म्हणजे आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवशी भर दुपारी पुण्यातली सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षाचा बराच काळ ती उत्तरेकडे असते. हे बघायला मिळेल अशी आशा मात्र धरू नका, मृगाचे ढग मध्ये असतात. परतीच्या वाटेवर जुलैअखेरीस तो पुन्हा पुण्याच्या माथ्यावर येतो, तेव्हाही तीच अडचण. पेला आणि गच्ची मेमध्येच उपयोगाची. दक्षिण कोकणात असाल तर पहिल्या आठवड्यात, नाशिककरांना विसापर्यंत वेळ आहे.